कमरेला पिस्तूल, खांद्यावर भरमार

१. प्रश्न कुठून येतो

वाघ धुऱ्यावर येऊन बसतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभी बांधी लोळवून जातो. आणि आम्ही काठी-टॉर्च घेऊन जागलीला बसायचं. शहरातल्या बिल्डरला पिस्तुलाचा परवाना मिळतो, मग आम्ही कमरेला बंदूक लावून वावरात गेलो तर सरकारचं काय जातं?

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हा प्रश्न टपरीवर निघतो, ग्रामसभेत निघतो आणि वाघाने माणूस मारल्यावर वन विभागाच्या गाडीभोवती जमलेल्या गर्दीतही निघतो. त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात बेशुद्ध करून पकडलेल्या सीटी-१ या वाघाच्या नावावर गडचिरोली, भंडारा आणि ब्रह्मपुरी मिळून १३ माणसांचे मृत्यू होते. ज्याच्या घरातला माणूस असा गेला, त्याला कायद्याची कलमे ऐकवणे सोपे आहे आणि क्रूरही.

प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा या कोळसापट्ट्यात देशी कट्ट्याने गोळीबार झाल्याच्या बातम्या येतात. मग दुकानदार विचारतो, गुंडाकडे बेकायदा कट्टा आहे, मी कायद्याने का घेऊ नये? तिसरी बाजू परदेशातून येते. ह्यूस्टनला राहणारा भाचा सुट्टीत आला की सांगतो, टेक्सासमध्ये माणूस पिस्तूल पट्ट्याला लावून किराणा दुकानात येतो आणि कोणी वळून बघत नाही. हे खरे आहे. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना आणि सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही हँडगन उघडपणे बाळगता येते. तिथे चालते तर इथे का नाही?

उत्तर द्यायचे तर आधी एकत्र गुंतलेल्या गोष्टी सुट्या कराव्या लागतील.

२. ठेवणे, नेणे, दाखवणे, चालवणे

बंदूक घरात ठेवणे, ती घेऊन बाहेर पडणे, ती इतरांना दिसेल अशी लावणे आणि ती चालवणे, या चारही गोष्टींना भारतीय कायदा वेगवेगळे मोजतो. आपली चर्चा बहुधा या चारांची सरमिसळ करते आणि तिथेच भरकटते.

ठेवण्यासाठी परवाना लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. परवाना सहसा जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, पोलिसांचा अहवाल मागवून देतात. २०१६ च्या नियमांनी बंदूक सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षणही घातले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. सर्वसाधारण नागरिकाला मिळते ती ठरावीक बोअरची, म्हणजे नळीच्या ठरावीक व्यासाची, बंदूक. लष्कर-पोलिसांची शस्त्रे त्याच्यासाठी निषिद्ध आहेत. म्हणून नागरिकाचे रिव्हॉल्व्हर बहुधा पॉइंट ३२ चे असते.

नेण्याची परवानगी त्याच परवान्यात असू शकते, पण दाखवण्याची नाही. २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर ती अंगाला लावलेल्या तिच्या म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये, किंवा पाठपिशवीसारख्या वस्तूत असावी आणि पूर्ण झाकलेली असावी. लांब नळीची बंदूकही तिच्या खोळीतच न्यायची. लोकांसमोर बंदूक परजणे किंवा सार्वजनिक जागी झाडणे यावर बंदी आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे टेक्सासचा भाचा सांगतो ती गोष्ट भारतात परवाना असलेल्या माणसालाही करता येत नाही. ज्याला ओपन कॅरी म्हणतात, ते कायदेशीर करायचे तर हा नियमच बदलावा लागेल.

राहिले चालवणे. इथे कायदा गरिबाच्या बाजूने उभा आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. जीव वाचवण्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे कलम ११ म्हणते की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिक हेतूने वन्य प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. अट एवढीच की तो माणूस त्या वेळी याच कायद्याचा भंग करत नसावा. कुऱ्हाडीने वाघाला हाणून नवऱ्याला सोडवणारी बाई गुन्हेगार ठरत नाही. पण जीव वाचवण्याचा हक्क आणि त्यासाठी पिस्तूल सतत सोबत ठेवण्याचा हक्क एकमेकांना चिकटलेले नाहीत. पहिला आपल्याकडे पक्का आहे. दुसरा हक्क म्हणून नाहीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांचा विषय हाती घेताना अमेरिकेशी तुलना करून हे स्पष्ट सांगितले.

३. घटनेत हा हक्क का आला नाही

अमेरिकेच्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. आपल्या घटनेत नाही. विसरून राहिला असे मात्र झालेले नाही. त्यावर वाद झाला, आणि त्या वादाचे एक टोक आपल्या भागापर्यंत येते.

१८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड तरुणांची फौज उभी करून चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, भागात इंग्रजांशी लढा दिला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी देशभर लोकांची हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली. त्याचा शेवट १८७८ च्या शस्त्र कायद्यात झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातला हा कायदा हिंदी माणसाला परवाना मागायला लावत होता आणि गोऱ्याला मोकळे सोडत होता. स्वातंत्र्य चळवळीचा त्यावर राग होता तो याच भेदभावामुळे. काँग्रेस वर्षानुवर्षे या कायद्याविरुद्ध ठराव करत राहिली, गांधीजींनीही त्याला इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणले. १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

मग १९४८ चा डिसेंबर आला. घटना समितीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेलेले हरी विष्णू कामथ यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की प्रत्येक माणूस बाजारात जाऊन हल्ल्याची हत्यारे बिनदिक्कत विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसे? आणि हक्क घटनेतच दिला तर चोर-दरोडेखोरांना तो नाकारणार कशाच्या आधारे? दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत राहिले ते उलटे टोक: कलम १९ नागरिकांना जमण्याचा हक्क देते, पण शांततेने आणि शस्त्रांविना. अपवाद म्हणून शिखांच्या कृपाणाचा उल्लेख कलम २५ मध्ये आहे.

मला या प्रसंगात महत्त्वाचे वाटते ते बाबासाहेबांचे स्थान. ज्या समाजांवर पिढ्यान्‌पिढ्या हत्यारबंद लोकांनी हुकूम चालवला, त्यांची बाजू मांडणारा माणूस हे बोलत होता. सगळ्यांना बंदूक मिळाली की दुर्बळ बलवानाच्या बरोबरीला येतो, हा युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो. प्रत्यक्षात बंदूक घेणे, काडतुसे घेणे, सराव करणे आणि खटला लढणे हे सगळे ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच परवडते. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत सुमारे सव्वा लाख होती. २०२४-२५ चा धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये धरला तर एका रिव्हॉल्व्हरसाठी साधारण ५४ क्विंटल धान विकावे लागते. दोन एकरवाल्याच्या कमरेला ते येणार नाही. ते सावकाराच्या, कंत्राटदाराच्या, रेतीवाल्याच्या कमरेला येईल, आणि दोन एकरवाला त्याच्यासमोर उभा राहील.

४. कुऱ्हाड, तीरकमठा, भरमार

या दोन जिल्ह्यांत हत्यार उघडपणे नेण्याची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. माडिया आदिवासी खांद्यावर कुऱ्हाड टाकूनच घराबाहेर पडतो. तीरकमठा, भाला, सुरी ही जंगलात जगणाऱ्याची रोजची सामग्री आहे. शस्त्र कायद्यालाही हे कळते: फक्त घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू, काठ्या यांना तो शस्त्र मानतच नाही.

पण अभयारण्याची हद्द ओलांडली की दुसरा कायदा सुरू होतो. वन्यजीव कायद्यात ‘हत्यार’ या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, सुरी, जाळे, फास हेही येतात आणि परवानगीशिवाय त्यातले काहीही घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. त्याच कायद्याचे कलम ३४ आणखी पुढे जाते. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकधारकाने वन विभागाकडे नोंद करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. आता नकाशा समोर घ्या. ताडोबा-अंधारी, घोडाझरी, कन्हारगाव, चपराळा, भामरागड. प्रत्येकाभोवती १० किलोमीटरचा पट्टा आखला की ज्या गावांना वन्यप्राण्यांचा त्रास सर्वाधिक, तीच गावे नेमकी त्या पट्ट्यात सापडतात. गावकऱ्याला हा उफराटा न्याय वाटतो. शिकारीचा इतिहास पाहिला तर कलमाचे कारण समजते, पण जंगलाचा भार ज्याने सोसायचा त्याच्यावरच संशय आधी ठेवायचा, ही सल खरी आहे.

भरमार ही गावठी लोहाराच्या हातची, नळीच्या तोंडातून बारूद आणि छर्रे ठासून भरायची बंदूक. पश्चिम महाराष्ट्रात तिला ठासणीची बंदूक म्हणतात. एक बार झाला की पुन्हा भरायला अर्धा-पाऊण मिनिट सहज जातो. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आजही आहे, पण जंगलातल्या बहुतेक भरमारी कधी कागदावर आल्याच नाहीत. शिकार, राखण आणि पुढे नक्षल्यांची भीती, तिन्हींमध्ये त्या फिरत राहिल्या.

५. वाघापुढे पिस्तूल

समजा, नियम बदलला आणि मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या कमरेला पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर आले. आता हिशोब मांडू.

वाघ थोड्या अंतरासाठी ताशी ५० किलोमीटर वेगाने झेपावतो, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. उन्हाळी जंगलात, झुडपांआडून तो दिसलाच तर १५ मीटरवर दिसेल. हातात वेळ उरतो एक सेकंद. सराव असलेल्या माणसालाही म्यानातून पिस्तूल काढून नेम धरायला दीड-दोन सेकंद लागतात. आणि खरे तर तो दिसतही नाही. मोहफुले वेचणारी, तेंदूची पाने खुडणारी, गवत कापणारी बाई वाकलेली असते, आणि वाघ बहुधा मागून किंवा बाजूने येतो.

आता जोराचे बघू. गोळीचा जोर ज्यूलमध्ये मोजतात. एक किलो वजन दहा सेंटिमीटर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरची गोळी नळीतून निघताना दोनशे ज्यूलच्याही आत असते. मोठ्या हिंस्र प्राण्यासाठी शिकारी पूर्वी वापरत त्या पॉइंट ३७५ मॅग्नम रायफलीची गोळी पाच हजार ज्यूलच्या पुढे असते. पंचवीसपट फरक. दीड-दोनशे किलोच्या वाघाला पॉइंट ३२ ने थांबवण्यापेक्षा जखमी करण्याचा संभव जास्त, आणि जखमी वाघ गावाशेजारी राहणे म्हणजे पुढच्या कित्येक घरांवर संकट. पिस्तूल माणसाने माणसासाठी बनवलेले हत्यार आहे. जंगलात ते कमरेला लावून फिरल्याने भीती कमी झाल्यासारखी वाटते, म्हणून बाई एकटी आत जाते, गटाची सोबत सोडते. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो.

६. रानडुकराचे काय

इथे शेतकऱ्याची बाजू बळकट आहे आणि ती तशीच मांडली पाहिजे. वाघाने मारलेल्या जनावराचा पंचनामा होतो, पेपरात बातमी येते. रानडुकराने खाल्लेल्या धानाची बातमी होत नाही. दर वर्षी थोडे थोडे करून ते घर पोखरते. रात्रभर जागल, थंडी, सर्पदंशाचे भय, आणि सकाळी बांधी लोळलेली.

या त्रासातून सुटायला काही शेतकरी कुंपणाच्या तारेत सरळ विजेचा प्रवाह सोडतात. त्या जिवंत तारेला रानडुकरासोबत वाघ, बिबटे, गुरे आणि माणसे चिकटून मरतात. शेजाऱ्याच्या तारेला लागून मेलेला शेतकरी हीसुद्धा या जिल्ह्यांतली ओळखीची घटना आहे. म्हणजे बंदूक न दिल्याने हिंसा थांबली असे नाही. तिने वाट बदलली, हे बंदुकीच्या समर्थकांचे म्हणणे मान्यच करावे लागते.

चंद्रपूरच्या रानडुकरांवरून दिल्लीतही ठिणगी पडली होती. जून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर जाहीर टीका केली आणि चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली गेल्याचा दाखला दिला. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकरांचे उत्तर होते की पिकाचे नुकसान होते तेव्हा राज्याने मागितले तर परवानगी द्यावी लागते. दोघांच्या वादात एक मुद्दा मात्र सुटला: मारायचे ठरले तर मारणार कोण?

केरळने त्याचे उत्तर मे २०२२ मध्ये काढले. तिथे ग्रामपंचायत आणि नगरपालिकांच्या प्रमुखांना शेतात घुसणाऱ्या रानडुकराला मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार मिळाले, आणि गोळी झाडायला परवानाधारक नेमबाजांची यादी ठेवली गेली. शेतकऱ्याने फोन करायचा, पंचायतीने आदेश द्यायचा, यादीतल्या माणसाने लांब नळीच्या बंदुकीने काम करायचे, मेलेल्या जनावराची नोंद ठेवून विल्हेवाट लावायची. यात कमरेच्या पिस्तुलाला जागाच नाही. रात्री, धावत्या कळपावर, शेजारच्या मचाणावर दुसरा शेतकरी जागलीला बसलेला असताना हँडगन झाडणे किती घातक, हे एकदा अंधारात वावरात उभे राहिलेल्या कोणालाही कळेल.

७. बंदूक दिसते तेव्हा

ओपन कॅरीचे समर्थक म्हणतात, बंदूक दिसली की समोरचा बिचकतो. दिसणे हेच संरक्षण. या युक्तिवादाची परीक्षा घ्यायला गडचिरोलीइतकी योग्य जागा नाही, कारण इथे बंदुका चार दशकांहून अधिक काळ उघड दिसत आल्या आहेत.

१९८० च्या सुमारास नक्षल दले गोदावरी-प्राणहिता ओलांडून या भागात आली. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, म्हणजे बंदूक जिल्ह्याच्याही आधी पोचली होती. खांद्यावर बंदूक असलेला माणूस गावात आला की त्याला जेवण द्यावे लागे. दुसऱ्या दिवशी बंदूकधारी पोलीस येत आणि विचारत, जेवण कोणी दिले? १९९० मध्ये स्थानिक तरुणांतूनच सी-६० हे पोलीस पथक उभे राहिले. खबरी ठरवून मारलेले आदिवासी, पोलीस पाटील, भूसुरुंगांत गेलेले जवान. लाहेरीला ऑक्टोबर २००९ मध्ये १७ पोलीस, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे १ मे २०१९ रोजी १५ पोलीस आणि त्यांचा गाडीचालक. बंदूक दिसल्याने शांतता येते असे असते तर हा जिल्हा सर्वांत शांत असायला हवा होता.

कारण साधे आहे. एकाने बोअर खोल नेली की शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी उतरते, मग शेजारीही बोअर खणतो, आणि दोघांचा खर्च वाढून गावाची पाणीपातळी खालीच जाते. उघड्या बंदुकीचे तसेच आहे. माझी सुरक्षितता वाढली असे मला वाटते तेव्हा शेजाऱ्याची घटलेली असते, आणि तो स्वस्थ बसत नाही.

दुसरी अडचण ओळखीची आहे. डॅलस शहरात ७ जुलै २०१६ रोजी मोर्चा चालू असताना एका बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना मारले. मोर्चात काही लोक कायद्याने परवानगी असल्यामुळे उघडपणे रायफली घेऊन आलेले होते. गोळीबार सुरू झाला तेव्हा हल्लेखोर कोण आणि मोर्चेकरी कोण हे पोलिसांना उमगेना. एका निरपराध रायफलधाऱ्याचे छायाचित्र पोलिसांनीच संशयित म्हणून प्रसिद्ध केले. हे दिव्यांच्या झगमगाटातल्या शहरात झाले. आता भामरागडच्या जंगलात पहाटे गस्त घालणारे पथक डोळ्यांसमोर आणा. नक्षली कित्येकदा साध्या कपड्यांत वावरतात. पथकाला झाडांआडून एक माणूस दिसतो, कमरेला पिस्तूल किंवा खांद्यावर बंदूक. तो जागलीवरून परतणारा शेतकरी आहे हे ठरवायला पथकाकडे किती क्षण असतात? त्या शेतकऱ्याचे पिस्तूल त्याला वाचवण्याऐवजी त्याच्या मरणाचे कारण होऊ शकते.

तिसरी गोष्ट, बंदूक हिसकावली जाते. आठवडी बाजाराच्या गर्दीत पोलिसावर हल्ला करून शस्त्र पळवणे ही नक्षल्यांची जुनी रीत. प्रशिक्षित पोलिसाकडून शस्त्र जाते, तर एकट्या गावकऱ्याकडून किती सहज जाईल? चकमकीनंतर पोलीस जप्त शस्त्रांची यादी देतात, त्यात एसएलआर आणि इन्सास रायफलींच्या शेजारी भरमार आणि बारा बोअरच्या बंदुका हमखास असतात.

सीमेपलीकडे याहून मोठा प्रयोग झाला. २००५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागात सलवा जुडूम ही नक्षलविरोधी मोहीम सुरू झाली. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून हातात बंदुका दिल्या गेल्या. गावे दुभंगली, घरे जळली, हजारो माणसे छावण्यांत किंवा आंध्रच्या जंगलांत पळाली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी नेमणूक आणि अशा तरुणांच्या हाती शस्त्र देणे घटनाबाह्य ठरवले. अपुऱ्या शिक्षणाच्या, तुटपुंज्या प्रशिक्षणाच्या तरुणांना लढाईच्या तोंडी देणे हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, असे न्यायालयाने मानले.

याच काळात गडचिरोलीची कित्येक गावे उलट्या दिशेने चालली. नक्षल्यांना गावबंदीचे ठराव झाले. गेल्या काही वर्षांत पोलिसांच्या आवाहनानंतर अनेक गावांतल्या लोकांनी भरमार बंदुका आपण होऊन पोलीस ठाण्यांत जमा केल्या. ज्यांनी बंदूक सर्वांत जवळून पाहिली, त्यांचा हा निर्णय आहे. मुंबई-पुण्यात बसून पिस्तुलाच्या हक्कावर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो आधी समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

८. पण कोडगूत चालते ना?

हा प्रश्न जाणकार वाचक विचारणारच. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा या पारंपरिक हक्काने जमीन धारण करणाऱ्यांना शस्त्र परवान्यातून सूट आहे. इंग्रजांच्या काळापासूनची ही सूट केंद्राने २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोढ सणाला तिथे बंदुकांची पूजा होते. पण ही सूट ठरावीक लोकांपुरती आणि दीर्घ परंपरेतून आलेली आहे, आणि कोडगूमागे सशस्त्र संघर्षाची चार दशके नाहीत. तिथले उदाहरण उचलून भामरागडला लावता येत नाही.

आसामचे उदाहरण ताजे आहे. मे २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने दुर्गम, संवेदनशील भागांतल्या मूळ रहिवाशांना शस्त्र परवाने सढळ देण्याचे ठरवले. त्यातून काय निघते ते पाहायला वेळ लागेल. संख्येची एक आठवण मात्र इथेच द्यावी: केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकड्यांनुसार उत्तर प्रदेशात सुमारे १२.७७ लाख शस्त्र परवाने होते आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. महाराष्ट्राने हात असा आखडता ठेवण्यात मला दोष दिसत नाही.

९. मग गावाने मागायचे काय

पिस्तूल मागण्यात एक गोष्ट नकळत सोडून दिली जाते. वाघाचा, डुकराचा, गुंडाचा बंदोबस्त हे शासनाचे काम आहे. प्रत्येकाच्या कमरेला हत्यार आले की शासन म्हणू शकते, आता तुमचे तुम्ही बघा. पंचनाम्याला उशीर झाला, गस्त आली नाही, कट्टे विकणारा पकडला गेला नाही, हे सगळे प्रश्न मग एकट्या माणसाच्या नेमबाजीवर येऊन पडतात. जंगलातल्या माणसाने इतका स्वस्त सौदा करू नये.

मागायच्या गोष्टी ठोस आहेत. केरळसारखी परवानाधारक नेमबाजांची यादी तालुक्यागणिक हवी, आणि अर्जाचा निर्णय दिवसांत नव्हे, तासांत व्हावा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मिळणारे सौर कुंपण एकेका शेताला न देता अख्ख्या शिवाराला द्यावे, कारण एका शेताला कुंपण झाले की डुकरे शेजारच्या बांधीत वळतात. गावातल्या प्राथमिक बचाव दलाच्या तरुणांना मानधन आणि विमा हवा. तेंदू आणि मोहाच्या हंगामात वाघ कुठे आहे याची खबर आदल्या संध्याकाळी गावाला मिळावी, आणि त्या दिवशी कोणत्या भागात जायचे नाही हे ग्रामसभेने ठरवावे. गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि त्या हक्कामुळे बांबू कधी, कुठे, किती तोडायचा हे ग्रामसभाच ठरवते. जंगलात माणसाने केव्हा शिरायचे, तेही तिथेच ठरू शकते. त्या दिवशी मजुरी बुडेल, आणि ती भरून देण्याची तजवीज तेंदू लिलावाच्या करारातच लिहून घ्यावी लागेल.